साठ वर्षं उभं असलेलं घर 'कच्चं' कसं?

लांब पोस्ट आहे, वेळ काढून वाचा. जिल्ह्यात सध्या घरकुलाचं वारं आहे. गावोगाव याद्या, हप्ते, मोबाईलवरचे फोटो चालू आहेत. म्हणून आत्ताच लिहितोय. होळीनंतर लिहून उपयोग नाही, का ते पुढे कळेल.

मागच्या आठवड्यात धडगावच्या पुढे एका पाड्यावर गेलो होतो. गेलो होतो पाण्याच्या बातमीसाठी. पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्या माणसाचा हप्ता माझ्या पोस्टपायी अडकायला नको. हंड्यांच्या रांगेचे फोटो काढले, चार बायांशी बोललो आणि ऊन चढलं म्हणून एका पावरा कुटुंबाच्या ओसरीत टेकलो. बाहेर डोकं तापत होतं. आत दोन मिनिटांत घाम सुकला. पंखा नव्हता.

मग घर नीट बघितलं. सागाच्या मेढी, एकेक एवढी जाड की माझे दोन्ही हात पुरेनात. वरच्या बेचक्यात तुळया बसवलेल्या, त्यावर आढं, आढ्यावरून दोन्ही अंगाला उतरलेले वासे. भिंती कुडाच्या. बांबू चिरून, विणून, त्यावर माती आणि शेणाचा लेप. छपराचा पुढचा भाग नळीच्या कौलांचा, मागचा गवताचा. एका अंगाला गुरं, मधे कणगी आणि मातीने लिंपलेल्या कोठ्या, वर माळा, माळ्यावर बियाणं आणि मोह. चुलीचा धूर वर जाऊन छपरातून हळूहळू बाहेर पडतो. त्या धुराने बांबू काळा कुळकुळीत झालेला, म्हणून त्याला भुंगा लागत नाही. मी पावलांनी मोजलं. लांबी १८ पावलं, रुंदी १०.

म्हाताऱ्या बाबांना विचारलं, घर कधीचं? म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळाआधी दहा-बारा वर्षं. माझ्या बापाने बांधलं, मी तेव्हा शेळ्या वळायचो." म्हणजे साठ वर्षं सहज झाली. बांधताना सगळा पाडा लाहीला आला होता म्हणे. लाह म्हणजे काय ते आपल्या शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आज तुझ्या घराला मी येतो, उद्या माझ्या निंदणीला तू ये. पैसा नाही, हिशोबाची वही नाही. घरधन्याने जेवण घालायचं, बस.

मी म्हटलं, बाबा, घर झकास आहे. तर म्हणाले, "होळी झाली की उतरवायचं. घरकुल मंजूर झालंय."

का उतरवायचं? दोन कारणं सांगितली. एक, उतारावर सपाट जागा तेवढीच आहे. दुसरं, कोणीतरी पंचायतीत सांगितलं की जुनं घर उभं दिसलं तर फोटोत अडचण येईल, पुढचा हप्ता लटकेल. मी विचारलं, लेखी दिलंय का? लेखी काही नाही. तोंडी. आपल्या जिल्ह्यात तोंडी आदेश लेखीपेक्षा जास्त पाळला जातो, हे आपल्याला नवं नाही.

आता माझा मुद्दा.

सरकारच्या कागदावर हे घर 'कच्चं' आहे. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेपासून हीच फूटपट्टी चालू आहे. भिंत कच्ची, छप्पर कच्चं की कुटुंब बेघरांच्या ओळीत. कच्चं म्हणजे काय? बांबू, माती, गवत, न भाजलेली वीट, असल्या साहित्याची भिंत किंवा छप्पर. आणि पक्कं म्हणजे काय? प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणच्या मार्गदर्शक सूचना काढून वाचा. पक्कं घर म्हणजे रोजचा वापर आणि ऊन-वारा-पाऊस सोसून, साधारण डागडुजीवर, किमान ३० वर्षं टिकेल असं घर.

किमान ३० वर्षं! बाबांचं घर त्याच्या दुप्पट उभं आहे. तेही साधारण डागडुजीवर. दर दोन-तीन वर्षांनी गवत बदललं, पावसाळ्याआधी कौलं फेरली, दिवाळीला सारवलं. सरकारच्याच व्याख्येतलं अर्धं वाक्य घेतलं तर ते पक्कं, दुसरं अर्धं घेतलं तर कच्चं. बाबांच्या वाट्याला दुसरं अर्धं आलं.

आणि जी घरं पक्की म्हणून १५-२० वर्षांपूर्वी बांधली गेली, त्यातली काही तुम्ही आम्ही बघितलीत. इंदिरा आवासच्या काळातली. स्लॅबचं लोखंड उघडं पडलंय, पावसाळ्यात वरून ताडपत्री, आणि आत शेळ्या. राहायला त्याच्याच शेजारी कुडाचं खोपट. सगळी तशी नाहीत, मान्य. पण ज्यांची तशी झाली त्यांना पक्कं या शब्दाने काय दिलं?

तुम्ही म्हणाल, पत्रकार भाऊ, गवत-मातीच्या घराचं कौतुक करताय, जग कुठे चाललंय बघा. बरं, जगच बघू.

आपल्या सगळ्यांच्या लहानपणी सलूनच्या भिंतीवर एक कॅलेंडर असायचं. इंग्लंडमधलं खेडं, गवती छपराचं टुमदार घर, दारात फुलं. केस कापून होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचो. ते घर कशाचं असतं माहीत आहे? ओक लाकडाचा सांगाडा. सांगाड्याच्या मधल्या जागेत फांद्या नाहीतर काठ्या विणलेल्या. त्यावर माती, पेंढा आणि शेण कालवून दिलेला लेप. वर गवत. म्हणजे कूडच की! आपल्याकडे साग आणि बांबू, त्यांच्याकडे ओक आणि हेझल नावाचं झाड, एवढाच फरक.

इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्समध्ये अल्फ्रिस्टन नावाचं खेडं आहे. तिथे चौदाव्या शतकातलं असंच एक लाकडी सांगाड्याचं, गवती छपराचं घर आहे. मुळात शेतकऱ्याचं, पुढे चर्चकडे गेलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याची पार दैना झाली होती, पाडायचंच घाटत होतं. गावच्या धर्मगुरूंनी आरडाओरडा केला. तेव्हा नॅशनल ट्रस्ट ही संस्था नुकतीच, १८९५ मध्ये, निघालेली. १८९६ मध्ये त्यांनी ते घर १० पौंडांना घेतलं. आज शेकडो वाडे, किल्ले, राजवाडे सांभाळणाऱ्या त्या संस्थेने घेतलेली पहिली इमारत ही. राजाचा महाल नव्हे, मातीच्या भिंतीचं आणि गवताच्या छपराचं घर. त्याची जमीन कशी आहे माहितेय? खडूसारखा पांढरा दगड कुटून घातलेली आणि वरून आंबट दुधाने घोटलेली. आपण शेणाने सारवतो, त्यांनी दुधाने सारवलं. तिथे लोक तिकीट काढून ती जमीन बघतात. इथे सारवलेल्या जमिनीला सर्वेक्षणात मागासलेपणाची खूण धरतात.

आणि तिथेही अशी घरं आधीपासून लाडकी नव्हती बरं. खेड्यातली असली घरं म्हणजे शेतमजुरांची, ओल धरलेली, दहा माणसं कोंबलेली. कितीतरी पाडली गेली. मग लोकांना कळायला लागलं. १९४७ च्या नगररचना कायद्याने अशा इमारतींची यादी करायला सुरुवात झाली. आज इंग्लंडच्या यादीत पावणेचार लाखांच्या आसपास नोंदी आहेत. १७०० सालच्या आधीची, मूळ रूपात बऱ्यापैकी टिकलेली इमारत असेल तर ती यादीत येतेच. यादीतलं घर मालकालासुद्धा परवानगीशिवाय पाडता येत नाही. आणि मुख्य म्हणजे त्यात माणसं राहतात. वीज आहे, नळ आहे, संडास आहे, इंटरनेट आहे. छप्पर गवताचं आहे म्हणून कोणी त्यांना बेघर म्हणत नाही.

आपल्याकडे वारसा म्हटला की किल्ला, मंदिर, समाधी. प्रकाशाची मंदिरं आहेत, अभिमान आहेच. पण सातपुड्यातल्या माणसाने हजारो वर्षं जे बांधलं ते दगडात नाही, लाकडात आणि मातीत आहे. ते पुरातत्त्व खात्याच्या यादीत कधी येणार नाही, आणि घरकुलाच्या यादीत येतं ते पाडायसाठी.

इथपर्यंत वाचून कोणी टाळी वाजवणार असेल तर जरा थांबा. कारण बाबांच्या ओसरीतच माझी चांगली खरडपट्टी झाली.

बाबांचा नातू शहाद्याला कॉलेजला आहे. तो सगळं ऐकत होता. मी घराचं कौतुक करत होतो तेव्हा शांतपणे म्हणाला, "दादा, तुमचं घर स्लॅबचं ना?" म्हटलं, हो. "मग आम्हालाच का गवतात राहायला सांगता? पावसाळ्यात मागच्या बाजूला पाणी येतं. साप निघतो. गवत आता मिळत नाही, लांबून आणावं लागतं. सारवायचं काम आईचं आणि बहिणीचं. तुम्ही फोटो काढून जाल."

पोरगं खरं बोललं. एकही वाक्य खोडता येण्यासारखं नव्हतं. माझं शहाद्याचं घर स्लॅबचं आहे, आणि मे महिन्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपतो कारण आत भट्टी पेटलेली असते, हे मी त्याला सांगितलं. पण ते काही उत्तर नव्हे.

म्हणून स्वच्छ लिहितो. कोणी गवतातच राहावं असं माझं म्हणणं नाही. आदिवासी घर म्हणजे शहरातल्या लोकांनी येऊन बघायचं संग्रहालय नाही. ज्याला स्लॅब हवा त्याला स्लॅब मिळाला पाहिजे, वेळेवर आणि पूर्ण पैशांत. जुनं ते सगळं सोनं असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवा. तिथे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं ओझं झोपेतल्या माणसांवर कोसळलं. जुन्या बांधणीतही चांगलं-वाईट असतं, ते तपासावंच लागतं. पण तपासायचं म्हणजे सांगाडा बघायचा, पाया बघायचा, लाकूड ठोकून बघायचं. हलक्या कुडाची भिंत आणि एकमेकांत गुंतवलेला लाकडी सांगाडा भूकंपात दगडी भिंतीसारखा वागत नाही, हे कोणताही स्थापत्यशास्त्राचा मास्तर सांगेल. आपल्या सर्वेक्षणात मेढ ठोकून बघायचा रकानाच नाही. मोबाईल काढला, छप्पर गवताचं दिसलं, कच्चं. पुढचं घर.

आगीचंही बोलतो, कारण पहिली शंका तीच येणार. गवत पेटतं. मीच अशा आगीच्या बातम्या केल्यात, जळालेल्या कोठ्यांतलं काळं धान्य बघितलंय. पण त्यावर उपाय छप्पर बदलणं हा आहे, वायरिंग नीट करणं हा आहे. छपराच्या गुन्ह्यासाठी मेढींना फाशी कशाला? त्याच सांगाड्यावर पुन्हा कौलं चढतात. नातवाच्या तक्रारींची यादी पुन्हा वाचा. गळकं छप्पर, साप, गवताची टंचाई, बायांवरचं सारवणाचं ओझं. यातल्या एकाही तक्रारीसाठी सागाचा सांगाडा मोडावा लागत नाही. छपराला चांगली कौलं, दोन फूट उंच दगडी जोतं, जमिनीला फरशी किंवा कोबा, ठिकाणावर वीज, शेजारी संडास-न्हाणी. झालं. पण त्याला पैसे कोण देणार? सरकार नवीन घराला पैसे देतं. असलेलं घर चांगलं करायला देत नाही.

आता पैशांचा हिशोब बघू. २०१६ पासून योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार, डोंगरी-दुर्गम भागासाठी १ लाख ३० हजार. रोजगार हमीतून ९०-९५ दिवसांची मजुरी, संडासाला १२ हजार वेगळे. राज्याने अलीकडे ५० हजारांची भर जाहीर केली. ठीक. पण सिमेंटची गोणी शहाद्याहून धडगावच्या घाटाने चढते, मग गाडी जिथपर्यंत जाते तिथपर्यंत, पुढे डोक्यावर. वाळू, खडी, सळई, सगळं तसंच. पाड्यावर पोचेपर्यंत भाव काय होतो ते घरकुलवाल्याला विचारा. मग घर किती मोठं होतं? योजनेत किमान २५ चौरस मीटर. म्हणजे साधारण २७० चौरस फूट. पैसे तेवढ्यालाच पुरतात, म्हणून किमान तेच कमाल. बाबांचं आताचं घर माझ्या पावलांच्या हिशोबाने १०० चौरस मीटर भरतं. त्यात चार घरकुलं मावतील!

आणि त्या २७० फुटांत माणसं राहतील हो, पण बैलजोडी कुठे बांधायची? शेळ्या? वर्षाची ज्वारी-मका ठेवायच्या कोठ्या? मोहाची फुलं? कोंबड्या? ज्याने हे घर आखलं त्याने कुटुंब म्हणजे चार माणसं आणि एक गॅस सिलिंडर एवढंच धरलं असणार. सातपुड्यात घर म्हणजे गोठा, कोठार आणि देवघर एकत्र असतं.

हवेचंही तसंच. उन्हाळ्यात आपला पारा ४० च्या वर, आणि हिवाळ्यात अक्कलकुव्यातल्या डाबला दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आम्हीच देतो. एकाच तालुक्यात दोन्ही टोकं. कुडाची भिंत आणि जाड छप्पर दोन्ही टोकांना पुरतं. पत्रा उन्हाळ्यात भाजतो, थंडीत गोठवतो आणि पावसात बोलू देत नाही.

मोडलेल्या घराचं पुढे काय होतं, तेही लिहितो, कारण त्यात मी स्वतः गुन्हेगार आहे. आमचं तापीकाठच्या गावातलं धाब्याचं घर. वर खारी मातीचा थर, आत सागाचे खांब, नक्षीचे हात. वीस-बावीस वर्षांपूर्वी वडील आणि मी ते पाडलं. जुन्या लाकडाचा व्यापारी आला, टेम्पो भरून घेऊन गेला. जो भाव दिला तो सांगायची लाज वाटते. आज नवीन सागाचा भाव विचारला की ती लाज दुप्पट होते. काही वर्षांनी हायवेवरच्या एका हॉटेलात जेवायला गेलो तर दारात तसेच दोन खांब, पॉलिश केलेले, वर पिवळा दिवा. आमचेच होते असं म्हणत नाही. पण कोणाच्या तरी घराचे होते. शहरातल्या माणसाला ते खांब बघून गावाकडची आठवण येते, त्याचे तो जादा पैसे देतो. रिसॉर्टवाला कुडाची झोपडी बांधून एका रात्रीचे हजारो रुपये घेतो. तेच घर आदिवासी माणसाचं असलं की कच्चं.

सातपुड्यात अजून एक गोष्ट आहे. हा साग पुन्हा मिळणार नाही. बाबांच्या बापाने मेढी आणल्या तेव्हाचं जंगल आता नाही. आज तेवढ्या जाडीचं झाड तोडणं सोडा, जुनं सागाचं लाकूड गाडीत टाकून न्यायचं तरी वाहतूक परवान्याची विचारणा होते. म्हणजे बाबांचं घर एकदा उतरलं की तसं घर त्यांच्या नातवाला पैसा असूनही बांधता येणार नाही. त्या कुटुंबाकडे जमिनीनंतरची सगळ्यात मोठी मालमत्ता हे लाकूड आहे. कोणत्याच सर्वेक्षणात त्याची किंमत धरलेली नाही. शून्य धरलीय.

आपल्या जिल्ह्याला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. सरदार सरोवरात आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणीची ३३ गावं गेली. मणिबेलीपासून सुरुवात झाली. माणसं उठली तेव्हा त्यांनी काय बरोबर नेलं? घर उकललं, मेढी, तुळया, दारं, वासे, कौलं मोजून घेतली. नवी वसाहत, ६० बाय ९० फुटांचा प्लॉट, उन्हात तापणारे पत्र्याचे शेड. तळोदा-शहाद्याच्या वसाहतींमधून फिरा. रेवानगर, सोमावल, वडछील, कुठेही. नदीकाठच्या गावातून आलेल्या मेढी तुम्हाला अजून काही घरांत उभ्या दिसतील. गाव बुडालं, शेत बुडालं, देवाची जागा बुडाली. मेढ चालत आली. ज्या माणसांनी धरणाच्या पाण्यातून घराचं लाकूड वाचवलं, त्यांच्याच भाऊबंदांना आपण आता एका फोटोसाठी ते मोडायला लावतोय.

कोणाच्या हेतूवर शंका घेत नाही. घरकुल योजना चांगली आहे, ज्यांचं खरोखर छप्पर नाही त्यांच्यासाठी ती देवासारखी आहे. पंचायतीतल्या माणसालाही वरून उद्दिष्ट असतं, इतकी घरं इतक्या तारखेला. तो तरी काय करणार. शिवाय स्थानिक साहित्याची घरं सरकारला अगदीच नावडती आहेत असंही नाही. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच 'पहल' नावाचा जाडजूड संग्रह काढलाय. दिल्लीच्या आयआयटीची मदत घेतली, देशाच्या वेगवेगळ्या भागातलं हवामान, साहित्य आणि लोकांची बांधणी बघून घरांचे नमुने दिलेत. म्हणजे दिल्लीला कळलंय. दिल्लीहून निघालेलं शहाणपण धडगावचा घाट चढताना कुठेतरी थकून बसलंय.

मग काय करायचं? माझ्या तीन मागण्या आहेत. यातल्या पहिलीला एक रुपया लागत नाही.

पहिली. जिल्हा परिषदेने एका पानाचं लेखी पत्रक काढावं आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावं. जुनं घर उभं आहे म्हणून कोणाचाही हप्ता अडणार नाही, जुनं घर पाडायची सक्ती नाही. तोंडी आदेशावर लेखी कागद हाच उतारा. हे होळीच्या आत व्हायला हवं. होळी झाली, शेतीची कामं संपली की लोक घरं उतरवायला घेतात. एकदा आढं खाली आलं की पत्रकाचा उपयोग नाही.

दुसरी. ज्या कुटुंबाला हवं असेल त्याला नव्या घराऐवजी आहे त्या घराच्या सुधारणेसाठी तेच पैसे मिळावेत. जोतं, कौलं, कोबा, वायरिंग, न्हाणी. केंद्राच्या योजनेत बदल करायला दिल्ली गाठावी लागेल, कबूल. पण शबरी आदिवासी घरकुल योजना तर राज्याच्या आदिवासी विकास विभागाची आहे. तिथे हा पर्याय घालायला मुंबईपर्यंतच जायचंय. आपले आमदार मुंबईला जातातच.

तिसरी. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा आहे, वनहक्क कायदा आहे. प्रत्येक ग्रामसभेने आपल्या पाड्यांतल्या ५० वर्षांवरच्या घरांची यादी करावी. घर कधी बांधलं, कोणी बांधलं, मेढी किती, लाकूड कोणतं, आता अवस्था काय. कॉलेजची पोरं हे महिन्याभरात करतील, मोबाईल सगळ्यांकडे आहे. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळालेत त्यांनी जंगलाच्या आराखड्यात घरदुरुस्तीचा बांबू आणि गवताचं कुरण धरावं. नातू म्हणाला ना गवत मिळत नाही, त्याचं उत्तर तिथे आहे.

यात कोणावर सक्ती नाही हे पुन्हा सांगतो. घर बाबांचं, निर्णय बाबांचा आणि त्यांच्या घरातल्या बायांचा. नवं घरकुल शेजारी बांधा, जुनं ठेवा. किंवा जुनंच चांगलं करा. किंवा मोडा. पण मोडायचं ते लेखी कागद बघून, लाकडाची खरी किंमत कळून, दुसरा पर्याय समोर असताना. आज यातलं काहीच नाही. आज फक्त एक शब्द आहे, कच्चं. आणि त्या शब्दाला घाबरून माणूस आपल्या बापाने उभी केलेली सगळ्यात भक्कम वस्तू स्वतःच्या हाताने खाली ओढतोय.

निघताना नातवाला विचारलं, समजा छपराला नवी कौलं, खाली कोबा, वीज आणि न्हाणी एवढं मिळालं तर? तो थोडा वेळ मेढीकडे बघत बसला. मग म्हणाला, "असं मिळतं का, दादा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून ही पोस्ट. ज्यांच्याकडे उत्तर द्यायचा अधिकार आहे ते जिल्ह्याच्या ठिकाणी बसतात, आणि त्यांच्यातले बरेच जण माझी पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे. साहेब, एका पानाचं पत्रक. होळीच्या आत.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण आधी एकदा सातपुड्यातल्या अशा एखाद्या घरात मे महिन्याच्या दुपारी अर्धा तास बसून या.